तो प्रश्न कोणीच विचारला नव्हता

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढे हात जोडते तेव्हा तिथेही नाही — तिथे मी पोरांच्या परीक्षा आणि स्वतःची कंबरदुखी एवढंच बोलते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. 'बाई, तुम्ही किती सरळ' असं तुम्ही म्हणणार नाही. ते वाक्य कानावर आलं ना, की माझं डोकं सणकतं. समोरच्याच्या नाही हो — स्वतःच्याच थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटते.

चिडून बोलतेय, त्यामुळे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. नाही घेतलं तरी चालेल.

मी नंदुरबारला एका शाळेत विज्ञान शिकवते. राहतो आम्ही धानोऱ्याला — सासूबाई, मी, माझा नवरा, आमची दोन पोरं, धाकटा दीर, त्याची बायको वैशाली आणि त्यांची मुलगी. एकत्र घर, एक चूल. नवरा तालुक्याच्या कचेरीत, दीर शेतीवर. मी जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ, वैशाली माझी देराणी. लोक म्हणतात, आजच्या काळात असं घर राहिलंय कुठे! खरंय, राहिलं नाही. आणि कोणाच्या जिवावर राहिलंय, ते कोणी विचारत नाही.

आता ही स्पर्धा. आमचं एक हौशी मंडळ आहे — काही शिक्षक, एक फोटो स्टुडिओवाले, एक दाताचे डॉक्टर, आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. मंडळाने एका वर्षी ठरवलं, ठोकळ्यांच्या फिल्मची स्पर्धा घ्यायची. पोरांचे ते एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे ठोकळे असतात ना, त्यांची घरं करायची, माणसं करायची. एक फोटो काढायचा. माणसाचा हात जरासा हलवायचा. परत फोटो. असे शेकडो फोटो मोबाईलवर भराभर फिरवले की ठोकळ्यांची माणसं चालायला लागतात. वयाची अट नाही, फक्त धंदेवाईक नको. नियम लिहायला कोण? मी. मला ते फार आवडायचं — खोटं कशाला बोलू? 'फ्रेममध्ये हात दिसता कामा नये.' 'सिनेमातलं गाणं वापरू नये.' 'ठोकळे कोणत्याही कंपनीचे चालतील, जुने, घासलेले, उसने आणलेलेही चालतील.' लिहिताना कशी ताठ बसायचे मी. जशी काही घटनाच लिहितेय देशाची.

नियम ग्रुपवर टाकले आणि प्रश्नांचा पाऊस सुरू झाला. नवापूरचा एक पोल्ट्रीवाला तरुण विचारत होता, कोंबडीला खरं पीस लावलं तर चालेल का? कोणाला शंका, माणसं अहिराणीत बोलली तर गुण कापणार का? कोणाच्या मांजरीने उभं केलेलं गाव पाडलं होतं, त्यांना मुदत वाढवून हवी होती. मी एकेकाला उत्तरं द्यायचे. मग अप्पा म्हणाले, रोज तेच तेच येतंय, सगळे प्रश्न आणि उत्तरं एकत्र करून टाका. मी ती यादी केली. पीस चालेल. अहिराणी चालेलच, पळेलसुद्धा. मांजरीसाठी मुदतवाढ नाही. लोकांना ती यादी फार आवडली, हसत हसत पुढे पाठवत होते एकमेकांना.

त्या यादीतला शेवटचा प्रश्न — थांबा. आधी वैशालीचं सांगते. तिचं न सांगता तो प्रश्न सांगितला, तर मी परत साळसूदच वाटेन तुम्हाला. त्यात माझा हातखंडा आहे.

वैशाली माहेरची शहाद्याकडची. बारावी शास्त्र शाखा, चांगले मार्क. पुढे शिकायचं होतं, तेवढ्यात स्थळ आलं. आमचंच. लग्न झालं त्या वर्षापासून पहाटे चूल तिची. माझा डबा, नवऱ्याचा डबा, पोरांचे डबे, शेतावरची न्याहारी. मी उठते तेव्हा ओट्यावर डबे झाकण लावून ओळीने ठेवलेले असतात. मी अंघोळ करते, साडी नेसते, डबा पर्समध्ये टाकते, निघते. माझ्या धाकट्याला पहिला घास तिने भरवलाय, माझी बाळंतपणाची रजा संपली होती म्हणून. मी काय केलं तिच्यासाठी? दिवाळीला साडी. आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, वैशाली म्हणजे माझी धाकटी बहीणच! फुकटचं असतं ते वाक्य.

स्पर्धेचं बोलणं घरात मीच करत होते, जेवताना, शहाणपणा पाजळत. ती वाढता वाढता ऐकत होती. मग तिने माझ्या मोठ्याचे ठोकळे मागून घेतले. त्याला ते कंटाळवाणे झालेच होते. धान्याच्या खोलीत तिने मांडामांड केली. ऊन सरकतं तसा फोटोतला उजेड बदलतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशीच कळलं म्हणे, आणि तिने खिडकीला गोणपाट लावून बल्बवर काम सुरू केलं. मोबाईल पाट्यावर, वरवंट्याला टेकवून. ठोकळ्याची माणसं एका पायावर उभी राहत नाहीत, म्हणून पायाखाली चिमूटभर कणीक. दुपारी भांडी झाल्यावर चहाच्या वेळेपर्यंत — तेवढंच तिचं. घरात कोणाला पत्ता नव्हता. एकदा सासूबाईंच्या पायाखाली ठोकळा आला, 'आवं माय वं!' म्हणून त्या ओरडल्या, तेव्हा आम्हाला वाटलं पोरांनीच टाकला असणार.

एका संध्याकाळी जेवणं झाली आणि तिने तांब्याला टेकवून मोबाईल मध्ये ठेवला. सगळे भोवती बसलो.

ठोकळ्यांचं घर. सकाळ. एक बाई भाकरी थापते. खरंच थापते हो — तिचे ते चिमुकले हात वरखाली होतात आणि भाकरी मोठी होत जाते. मग घरातले एकेक निघतात. नवरा निघतो, पोरं निघतात. एक चष्मेवाली बाई निघते, तिच्या हातातला डबा तिच्यापेक्षा मोठा. म्हातारी काठी टेकत देवळात जाते. घर रिकामं. मग ती बाई इकडे बघते, तिकडे बघते, आणि स्वयंपाकघराची भिंत काढायला लागते. एकेक ठोकळा. त्या ठोकळ्यांची ती स्कूटी करते. बसते, आणि भुर्रर्र! गावाला फेरी, नदीला फेरी, मान मागे टाकून. मग एकदम थांबते, उलटी फिरते, घाईघाईने स्कूटी मोडते, भिंत परत रचते. सगळे घरी येतात. जेवायला बसतात. कोणालाच काही कळत नाही. लाल भिंतीत एकच ठोकळा चुकून पिवळा लागलाय, तोही कोणी बघत नाही.

आम्ही हसून हसून लोळलो. सासूबाईंनी स्वतःला ओळखलं आणि पदराने डोळे पुसत हसल्या. पोरं म्हणाली, परत लाव काकू. मीही हसले. आणि हसता हसता माझा हात चष्म्याकडे गेला. चष्मेवाली मी होते ना.

आता काय पणाला लागलं होतं ते ऐका. त्या पहिल्या वर्षी पहिला नंबर येणाऱ्याला मंडळ कायमचं वर्ग घ्यायला ठेवणार होतं. जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मुलांना हेच शिकवायचं. सकाळची गाडी धरून जायचं, दुपारी परत. नियमातच होतं ते, मीच लिहिलेलं. वैशालीला ते पाठ होतं. फिल्म संपल्यावर तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सासूबाईंना विचारलं, आम्हा सगळ्यांसमोर. आवाज इतका लहान, की दिराने मोबाईलचा आवाज बंद केला.

"आई, नंबर ऊना ते मी जाऊ का शिकाडाले?"

नंबर आला तर शिकवायला जाऊ का, एवढंच तिचं विचारणं. सासूबाईंनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाल्या, "ऊना ते जाय. पन पहिला पाह्यजे. दुसरा-तिसरा नही."

तुम्ही आमच्या सासूबाईंना ओळखत नाही. त्यांनी नाही म्हटलं की नाही. पण हो म्हटलं, तर गाव आडवं आलं तरी त्या शब्द फिरवत नाहीत. वैशालीला ते ठाऊक होतं. तिचा चेहरा मी पाहिला. माझ्या लग्नानंतर त्या घरात इतका उजळलेला चेहरा मी कोणाचाच पाहिला नव्हता. आणि पहिला नंबर तिचाच होता. आलेल्या सगळ्या फिल्म मी बघितल्या होत्या. कोणी जवळपासही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डबा पर्समध्ये टाकून मी शाळेत गेले. प्रयोगशाळेत बसले, आणि त्या प्रश्नोत्तरांच्या यादीत खाली एक प्रश्न जोडून ती परत ग्रुपवर टाकली.

'आयोजकांच्या घरातील व्यक्ती स्पर्धेत भाग घेऊ शकतात का?'

'नाही. स्पर्धेवरचा विश्वास टिकावा म्हणून.'

हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. ग्रुपवर नाही, फोनवर नाही, चहाच्या टपरीवर नाही. प्रश्न मीच केला, उत्तरही मीच दिलं. कसलं सफाईदार काम! माझ्या देराणीचा गळा दाबला आणि हात कुठे फ्रेममध्ये आला नाही.

अप्पांचा लगेच फोन. म्हणाले, अहो बाई, हे कशाला? आपल्याकडे कोण कोणाचा नातेवाईक नाही? असं केलं तर स्पर्धेत भाग घ्यायला भिंतीच उरतील. काढून टाका ते. — ऐकलंत? काढून टाका म्हणाले ते. दार उघडं होतं. मी काय सांगितलं? दोन-तीन पालकांचे फोन आले, लोक कुजबुजतायत, मंडळाचं नाव जाईल. ते तरीही नको म्हणाले. तर मी म्हटलं, मग माझ्याकडून हे काम होणार नाही, तुमचं तुम्ही बघा. ते घाबरले. बाईंशिवाय कोण करणार एवढं? राहिला तो प्रश्न यादीत.

तुम्ही म्हणाल, असेल बाईला खरंच निःपक्षपणाची हौस. म्हणू नका. मीही स्वतःला आधी तेच सांगून पाहिलं. मग काही महिन्यांनी, जरा खरं बोलायची हिंमत झाली तेव्हा सांगितलं, की मला तिचा हेवा वाटला. तेही होतंच. नमुना म्हणून मी एक फिल्म केली होती. माझा माणूस चालायचा तो कोणी कपाट सरकवतंय तसा. पण हेवा म्हटलं की जरा बरं वाटतं, नाही? मोठ्या माणसांना हेवा वाटतो, कलाकारांना वाटतो. त्यात एक प्रकारचा मान असतो. मी त्या हेव्याआडही लपले.

खरं कारण सांगते. आता सांगतेच. भाकरी.

सकाळची गाडी धरून ती गेली असती, तर भाकरी कोणी केली असती? माझा डबा कोणी भरला असता? धाकट्याला शाळेतून आल्यावर कोणी वाढलं असतं? मला पहाटे उठावं लागलं असतं. चुलीपुढे बसावं लागलं असतं आणि मग धावत बस पकडावी लागली असती, घामाने डबडबलेली, बाकीच्या बायकांसारखी. बस. एवढंच. एवढ्या क्षुद्र गोष्टीसाठी मी एका बाईचं आयुष्य अडवलं. तत्त्वासाठी नाही, कलेसाठी नाही — आयत्या भाकरीसाठी! लाज वाटते म्हणणार होते. लाज नाही, संताप येतो. माझा मला. आणि त्या संतापाने काय वाकडं झालं माझं? काही नाही. तो संताप पोटात घेऊन मी वेळेवर जेवते.

घरी सांगताना मी वाईट वाटल्याचा चेहरा केला. लोकांनीच प्रश्न काढला गं, मी तरी काय करणार. वैशाली वाढत होती. तिचा हात ताटावर तसाच थांबला.

"कोनी इचारं, ताई?"

मी म्हटलं, "नावं सांगायची नसतात गं. नियम आहे."

तिने मान हलवली आणि मला दुसरी भाकरी वाढली. तूप जास्त पडलं त्यावर. मी ती खाल्ली.

दीर जरा तणतणला, पण माझ्यापुढे बोलायची त्याची पद्धत नाही. सासूबाईंना मात्र माझा केवढा अभिमान! गल्लीत सांगत फिरल्या, मन्ही मोठी सून नियमनी पक्की शे. आणि वैशालीच्या बाबतीत त्यांचा हिशेब सरळ होता: नंबर आला नाही, मग जायचं कुठे? शब्द म्हणजे शब्द. फिल्म स्पर्धेत गेलीच नाही, मग नंबर कसा येणार, हे त्यांना मी समजावू शकले असते. माझं ऐकतात त्या. मी मूग गिळून बसले.

बक्षीस समारंभाला सगळं घर आलं होतं. नवापूरच्या त्या कोंबडीवाल्याला पहिलं बक्षीस मिळालं. बरी होती त्याची फिल्म, पोरगा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मग अप्पा उभे राहिले. म्हणाले, आज एक सत्कार राहिलाय. आमच्या बाईंच्या घरात एक उत्तम फिल्म तयार झाली होती, असं मला नंतर कळलं. तरी त्यांनी स्वतःच्या घरचं माणूस बाजूला ठेवलं. अशी माणसं हल्ली दिसत नाहीत! आणि मला शाल, नारळ. टाळ्या. मी स्टेजवरून खाली बघितलं. तिसऱ्या रांगेत वैशाली टाळ्या वाजवत होती. लेकीला मांडीवर घेऊन, जोरात. खोट्या नव्हत्या त्या टाळ्या, मी तिला ओळखते. मी तिथेच सांगू शकले असते, माईक हातात होता माझ्या. मी म्हणाले, "मी फक्त माझं कर्तव्य केलं." हे वाक्य मी बोलले! आठवलं की अजून दात-ओठ खाते मी.

नारळ सासूबाईंनी देवापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी फोडला, वैशालीने वड्या केल्या.

त्याच आठवड्यात तिने माझ्या मोठ्याला त्याचे ठोकळे परत केले. पिशवीत भरून, धुऊन, खाचांमधली कणीक काडीने काढून. म्हणाली, मोजी ले, कमी नही एकबी. त्यानंतर तिने फिल्मचं नाव काढलं नाही. फोन बदलला तेव्हा ती फिल्मही गेली. मी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

स्पर्धा दर वर्षी होते. ती प्रश्नोत्तरांची यादीही दर वर्षी तीच जाते, तो शेवटचा प्रश्नही. अप्पा आता त्याला मंडळाची परंपरा म्हणतात. इतर तालुक्यांतली मंडळं आमचे नियम मागून नेतात. माझं खोटं गावोगाव नियम होऊन बसलंय.

आणि हे आज लिहितेय ते एवढ्यासाठी, की या वर्षी तो प्रश्न खरोखर आला. पहिल्यांदा. एका बाईंनी विचारला, त्यांची बहीण आमच्या मंडळात आहे, दोघी एकाच घरात राहतात. त्यांची मुलगी सुट्टीभर खपून फिल्म करतेय, तिला भाग घेता येईल का? साधा, नम्र प्रश्न. ताई, काही मार्ग असेल तर सांगा, असं शेवटी. मी मोबाईल हातात धरून बसले. लिहू शकले असते, हो. तो नियम खोटा आहे असं लिहू शकले असते. एक ओळ. कोणी मला फासावर नसतं दिलं.

मी लिहिलं, 'यादीतला शेवटचा प्रश्न पाहावा.' त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. खाली लिहिलं, 'तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल ऐकून आहे.'

वैशालीला का सांगत नाही? ती भांडेल म्हणून? ती भांडणार नाही. भांडली तर मला बरंच वाटेल. सासूबाईंना कळेल म्हणून? त्या आता थकल्यात, चार दिवस बोलतील. वर्ग घेणारा नवापूरचा कोंबडीवाला मागेच सुरतला नोकरीला गेला, शिकवायची जागा रिकामी आहे, अप्पा माणूस शोधतायत. तेही मला ठाऊक आहे. सांगितलं, तर ती उद्या सकाळची गाडी धरू शकते. म्हणून सांगत नाही. अजूनही त्याच कारणासाठी. बघा, काही बदललं नाही माझ्यात.

शाळेत मधली सुट्टी झालीय. पोरं बाहेर ओरडतायत, मी प्रयोगशाळेत बसलेय, त्याच बाकावर. डबा समोर आहे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, कोपऱ्यात कागदात बांधलेला ठेचा. भाकरीला तूप लावलंय तिने.

मी जेवते आता.